जगाची डावी बाजू: परदेशी तोंडीलावणी आपल्या ओट्यावर

पान वाढायला घेतलं की आपल्याकडे आधी वरच्या टोकाला मीठ पडतं, मग लिंबाची फोड, आणि त्या खाली डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं. ही डावी बाजू जेमतेम चार चमच्यांची असते, पण ती नसेल तर वरण-भातही सपक लागतो. तोंडीलावणं हा शब्द मला म्हणूनच फार आवडतो. जेवणाला तोंड लावायचं ते यानेच.

गेली काही वर्षं मी इतर देशांची तोंडीलावणी घरी करते आहे. ग्रीसची त्झात्झिकी, लेबनॉन-पॅलेस्टाईनकडचं हमस, जर्मनीचं साऊरक्राउट, कोरियाची किमची. पाककृती वाचून पदार्थ होतात, पण बिघडतातही, आणि माझ्या स्वयंपाकघरात ते जितक्या वेळा बिघडले तितक्या वेळा कारण एकच निघालं: पाणी. काकडी पिळली नाही, कोबी नीट निथळला नाही, हरभरे पुरेसे भिजले नाहीत, बरणीतलं पाणी भाजीच्या खाली गेलं. मसाला थोडा कमीजास्त झाला तर चालतं. पाणी कुठून काढायचं, कुठे घालायचं आणि कुठे राखायचं हे मात्र चुकवून चालत नाही. म्हणून पुढे प्रत्येक कृतीत मी पाण्यापाशी जरा जास्त थांबणार आहे.

आधी जवळ काय हवं

ग्रॅम दाखवणारा लहान वजनकाटा, मलमलचं स्वच्छ फडकं, रुंद तोंडाच्या दोन-तीन काचेच्या बरण्या, विळी किंवा धारदार सुरी, खलबत्ता. वजनकाट्यावर मी अडून बसेन, कारण आंबवायच्या भाज्यांना मीठ चमच्याने मोजता येत नाही. जाड्या मिठाचा एक चमचा आणि बारीक मिठाचा एक चमचा यांच्या वजनात बराच फरक पडतो. बरण्या गरम पाण्याने धुऊन उन्हात खडखडीत वाळवायच्या, लोणच्यासाठी वाळवतो तशाच.

त्झात्झिकी: चक्का करता येतो त्याला निम्मी आलीच

सुरुवात इथून करावी, कारण अर्धं काम आपल्या हातात आधीपासून आहे. त्झात्झिकी म्हणजे चक्क्यातली काकडीची कोशिंबीर, लसूण आणि ऑलिव्ह तेल घातलेली. तुर्कस्तानातलं जाजिक हे तिचंच पातळ भावंड, आणि इराणात अशाच दह्या-काकडीत अक्रोड, मनुका आणि वाळलेला पुदिना पडतो.

एक किलो साईचं, आंबट न झालेलं दही मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीत ठेवा, खाली पातेलं, आणि हे सगळं फ्रीजमध्ये सहा ते आठ तास. श्रीखंडासाठी बाहेर खुंटीला टांगतो तसं टांगलं तर उन्हाळ्यात दही आंबतं, म्हणून फ्रीज. साधारण ४०० ते ४५० ग्रॅम चक्का मिळतो. खाली जमलेलं पाणी फेकू नका, त्यात कणीक भिजवली की पोळ्या मऊ होतात.

दोन कोवळ्या काकड्या (मिळून ३०० ग्रॅम) चाखून, कडू नाहीत याची खात्री करून जाडसर किसा. बिया मोठ्या असतील तर आधी चमच्याने खरवडून काढा. किसाला अर्धा चमचा मीठ चोळून २० मिनिटं ठेवा आणि मग फडक्यात घालून पिळा. पिळा म्हणजे खरोखर पिळा, शेवटचा थेंब येईपर्यंत. किसाचा गोळा मुठीत मावेल एवढा लहान झाला पाहिजे. हे राहिलं तर तासाभरात वाडग्यात तळं साचतं आणि चक्का बांधण्याचे कष्ट वाया जातात.

लसणाच्या दोन पाकळ्या चिमूटभर मिठाबरोबर खलबत्त्यात अगदी लोण्यासारख्या कुटा. त्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून पाच मिनिटं ठेवा, मग चक्का, काकडी, दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल आणि दोन मोठे चमचे बारीक चिरलेला शेपू. हो, शेपूच. ग्रीसमध्ये त्झात्झिकीत घालतात ती पाल्याची भाजी आपल्या शेपूचीच जात आहे. आपला शेपू वासाला जास्त उग्र, त्यामुळे कोवळा पाला घ्या आणि देठ अजिबात घालू नका. ज्यांच्या घरी शेपूची भाजी पाहून नाकं मुरडली जातात, तिथे या रूपात तो बिनबोभाट खपतो. दोन तास फ्रीजमध्ये मुरू द्या, तीन दिवसांत संपवा. थालीपिठाबरोबर अप्रतिम लागते.

हमस: हरभरा लोण्यासारखा शिजला पाहिजे

अरबी भाषेत हमस या शब्दाचा अर्थच हरभरा. पदार्थाचं पूर्ण नाव हमस बि-तहिना, म्हणजे तिळाच्या वाटणातले हरभरे. तो मूळचा कोणाचा यावरून लेबनॉन आणि इस्राएलमध्ये जुना वाद आहे. २०१० साली लेबनॉनमध्ये ३०० आचाऱ्यांनी मिळून १०,४५२ किलो हमस एका ताटात वाढलं. आकडा ठरवून निवडला होता, कारण लेबनॉनचं क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर आहे. एखाद्या तोंडीलावण्यावर देशाचा एवढा जीव असू शकतो हे मला फार लोभस वाटतं.

आधी तहिना. बाजारची बाटली महाग असते आणि बऱ्याचदा जुनी, कडवट निघते. घरी करायला दहा मिनिटं लागतात. २०० ग्रॅम पांढरे, साल काढलेले (पॉलिशचे) तीळ मंद आचेवर पाच-सहा मिनिटं परता. रंग बदलायच्या आत, हाताला गरम लागून नुसता वास सुटला की उतरवा. तिळाच्या लाडवासाठी आपण खमंग भाजतो, इथे तसं केलं तर हमस कडवट आणि मळकट होतं. सालीचे तीळही नकोत, त्यांचा कडवटपणा जात नाही. तीळ पूर्ण गार झाल्यावर मिक्सरच्या लहान भांड्यात थांबत थांबत, कडा खरवडत फिरवा. आधी कूट होतो, मग ढेकूळ, मग तेल सुटू लागतं. दोन-तीन मोठे चमचे बिनवासाचं तेल घालून चमच्यावरून सलग धार पडेल इतकं पातळ करा.

आता हरभरे. २०० ग्रॅम काबुली चणे भरपूर पाण्यात अर्धा लहान चमचा खायचा सोडा घालून रात्रभर भिजवा. सकाळी ते पाणी टाका, चणे दोनतीनदा धुवा. कुकरमध्ये ताजं पाणी आणि फक्त पाव चमचा सोडा. कुकर निम्म्याहून जास्त भरू नका. सोड्याने फेस चढतो आणि शिट्टीच्या भोकात अडकू शकतो, म्हणून आधी झाकण न लावता उकळी आणून फेस काढून टाकावा. एक शिट्टी झाली की मंद आचेवर वीस मिनिटं. सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं, त्यात सालीतलं पेक्टिन लवकर विरघळतं आणि चणा आतपर्यंत मऊ होतो. उसळीसाठी चणा अखंड हवा असतो. हमससाठी तो अंगठा आणि बोटात धरला की कणही न लागता लोण्यासारखा पसरला पाहिजे. जरा जरी रवाळ वाटला तर आणखी दहा मिनिटं. वर तरंगलेली सालं झाऱ्याने काढा. एकेक चणा सोलत बसायची गरज नाही.

लसणाच्या तीन पाकळ्या ठेचून दोन-तीन कागदी लिंबांच्या रसात (तीन मोठे चमचे) दहा मिनिटं बुडवून ठेवा. ठेचल्यावर लसणाला जो जळजळीत तिखटपणा येतो तो एका विकरामुळे, आणि आंबट रसात त्या विकराचं काम मंदावतं. चव लसणाची राहते, दुसऱ्या दिवशीचा वास राहत नाही. त्झात्झिकीत लसूण व्हिनेगरमध्ये ठेवला होता तोही याचसाठी.

निथळलेले कोमट चणे एकटेच मिक्सरमध्ये दोन-तीन मिनिटं फिरवा. मग गाळलेला लिंबूरस, सव्वा चमचा मीठ, पाव चमचा जिरेपूड आणि १५० ग्रॅम तहिना. आता मिश्रण अचानक घट्ट, गोळ्यासारखं होईल. घाबरून तेल ओतू नका. तिळाच्या वाटणात थोडं पाणी गेलं की ते आधी आवळतं, आणि आणखी पाणी गेलं की सैल होऊन पांढरंशुभ्र होतं. बर्फाचं पाणी एकेक चमचा घालत, मिक्सर चालू ठेवून, चार ते सहा चमचे रिचवा. रंग उजळत जातो आणि पोत फेटलेल्या श्रीखंडासारखा होतो. अर्धा तास झाकून ठेवलं की पुन्हा थोडं घट्ट होतं, म्हणून मिक्सरमधून काढताना वाटतं त्यापेक्षा सैलच ठेवा.

वाढताना पसरट ताटलीत घेऊन चमच्याच्या पाठीने मध्ये आळं करा, वरणाला भातात करतो तसं, आणि त्यात ऑलिव्ह तेल. वर तिखटाची चिमूट आणि थोडे अख्खे चणे. तिकडे हे पिटा रोटीबरोबर सकाळच्या न्याहारीलाही खातात. मी ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर वाढते, आणि या जोडीत मला काहीच परकं वाटत नाही. फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं.

चिमिचुरी, थोडक्यात

अर्जेंटिनात निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसावर हे घालतात. पार्सलीचा पाला धुऊन पूर्ण वाळवा (ओला पाला चिरला की लगदा होतो), आणि सुरीने बारीक चिरून एक वाटी भरा. लसणाच्या चार पाकळ्या बारीक चिरून, दोन चमचे वाळलेलं ओरेगानो, एक चमचा मिरचीचे जाडसर तुकडे. पाऊण चमचा मीठ एका मोठ्या चमचाभर गरम पाण्यात विरघळवून घाला, मग तीन मोठे चमचे व्हिनेगर आणि शेवटी अर्धी वाटी तेल. गोव्यातला माडाच्या सुरेचा व्हिनेगर मिळाला तर इथे फार सुंदर लागतो. मिक्सर वापरू नका, पाला काळवंडतो. पार्सलीऐवजी कोथिंबीर घातली तर चांगली चटणी होईल, पण ती चिमिचुरी नव्हे. भाजलेले बटाटे, पनीर, तव्यावरची सुरमई, सगळ्यावर चालते. तेलात बुडालेला कच्चा लसूण बाहेर ठेवणं धोक्याचं असतं, म्हणून फ्रीजमध्येच ठेवा आणि आठवड्यात संपवा.

डो चुआ: मुळा-गाजर एका तासात

व्हिएतनामी पावात, बान्ह मीमध्ये, जे आंबटगोड मुळा-गाजर असतं ते हे. दोन्ही पाव-पाव किलो, काडेपेटीतल्या काडीपेक्षा जरा जाड कापा. एक चमचा मीठ आणि दोन चमचे साखर घालून हाताने चोळत राहा. मुळ्याची काडी न मोडता दोन्ही टोकं एकमेकांना टेकली की पुरे. धुवा, पिळा, बरणीत भरा. एक वाटी पांढरा व्हिनेगर, एक वाटी कोमट पाणी आणि पाच मोठे चमचे साखर एकत्र विरघळवून वर ओता. तासाभराने खाता येतं, फ्रीजमध्ये तीन-चार आठवडे राहतं. बरणी उघडल्यावर मुळ्याचा जोरदार वास येतो. तो बिघडल्याचा नव्हे, पाच मिनिटं उघडी ठेवली की जातो.

साऊरक्राउट: कोबी, मीठ आणि धीर

इथपर्यंत आंबटपणा आपण बाहेरून घातला. पुढच्या दोन पदार्थांत तो बरणीतच तयार होतो. कोबीच्या पानांवर लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू मुळातच असतात. मीठ कोबीतलं पाणी ओढून बाहेर काढतं, नासवणाऱ्या जिवाणूंना आवरतं, आणि या मीठ सोसणाऱ्या जिवाणूंना मैदान मोकळं करून देतं. आधी ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणू कामाला लागतात आणि बुडबुडे सोडतात. इडलीचं पीठ फुगवणारे हेच. आम्ल वाढलं की ते मागे पडतात आणि लॅक्टोबॅसिलस पुढचं काम करतात.

एक किलो कोबीची सालपटं काढा, एक चांगलं पान बाजूला ठेवा. बाकीचा कोबी विळीवर अगदी बारीक चिरा. चिरल्यानंतर वजन करून त्याच्या २ टक्के मीठ घ्या: एक किलोला २० ग्रॅम. एप्रिल-मेमध्ये २५ ग्रॅम. आयोडीनचं मीठ चालतं. मीठ घालून आठ-दहा मिनिटं कणीक तिंबल्यासारखा चुरा, वीस मिनिटं झाका, पुन्हा चुरा. मूठ दाबली की पाण्याची धार लागली पाहिजे. हवं तर चमचाभर शहाजिरं. मग मूठमूठ बरणीत दाबत भरा, वरती ठेवलेलं पान घाला, आणि त्यावर पाण्याने भरलेली छोटी बाटली वजन म्हणून ठेवा. कोबी पाण्याखाली बुडालेला राहिला पाहिजे, सतत, रोज. पाणी कमी पडलं तर उकळून गार केलेल्या एका वाटी (२०० मिली) पाण्यात ४ ग्रॅम मीठ घालून तेच ओता, साधं पाणी नको.

जर्मनीत थंडीमुळे याला तीन-चार आठवडे देतात. आपल्याकडे ३० अंशांना पाच ते सात दिवसांत पुरेसं आंबट होतं, पुण्या-नाशिकच्या थंडीत दोन ते तीन आठवडे. तिसऱ्या दिवसापासून स्वच्छ चमच्याने चाखत जा. पाणी गढूळ होणं, बुडबुडे येणं, वर पांढरी पातळ साय धरणं हे चालतं. साय काढून टाका. हिरवी, काळी, गुलाबी केसाळ बुरशी दिसली किंवा आंबटाऐवजी कुजका वास आला तर पूर्ण बरणी टाकून द्या, वरवरचं काढून खाली वाचवू नका. एकदा मी चार दिवस गावी गेले आणि वजनाची बाटली कलंडली. वर आलेला कोबी हिरवा झाला होता. दोन किलो कोबी टाकताना जीव तुटला, पण टाकला.

या आंबट कोबीने समुद्रावर माणसं वाचवली आहेत. त्यातलं क जीवनसत्त्व टिकतं. कॅप्टन जेम्स कुकने १७६८ साली निघालेल्या एंडेव्हर जहाजावर त्याची पिंपं नेली, स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाअभावी होणारा आजार) टाळण्यासाठी. खलाशी हात लावीनात. कुकने सक्ती केली नाही. अधिकाऱ्यांच्या टेबलावर ते रोज वाढायला लावलं आणि खलाशांना घ्यायचं तर घ्या म्हणून सांगितलं. आठवडाभरात मागणी एवढी वाढली की त्याला माणशी वाटा ठरवून द्यावा लागला, असं त्यानेच रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. घरात नवा पदार्थ खाऊ घालायचा असेल तर मी हीच युक्ती करते.

किमची: सगळ्यात जास्त कष्ट, सगळ्यात जास्त चव

कोरियात जेवणाबरोबर लहान लहान वाट्यांतून जी तोंडीलावणी येतात त्यांना बांचान म्हणतात, आणि किमचीवाचून बांचान होत नाही. हिवाळ्याच्या तोंडावर घरंच्या घरं एकत्र बसून हिवाळाभराची किमची घालतात, त्याला किमजांग म्हणतात. २०१३ साली युनेस्कोने ही परंपरा जपण्याजोग्या वारशाच्या यादीत घेतली. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडयांचं वाळवण घालायला शेजारणी जमतात, तेच चित्र, फक्त ऋतू उलटा. आणखी एक नातं मिरचीचं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात मिरची गोव्यात आणली, त्यानंतर ती कोरियातही पोचली. त्याआधीची किमची बिनमिरचीची होती, आणि पांढरी किमची तिथे आजही करतात.

चायनीज कोबी म्हणून मिळतो तो लांबट, सुरकुतलेल्या पानांचा एक किलोचा गड्डा घ्या. आपल्या गोल कोबीचीही होते, पण पानं जाड असल्याने कुरकुरीतपणा वेगळा येतो. गड्डा उभा चिरून दोन-दोन इंचांचे तुकडे करा, पाण्यातून काढा आणि ६० ग्रॅम जाडं मीठ चोळा. दोन तास ठेवा, दर अर्ध्या तासाने खालीवर करा. पांढरा जाड देठ वाकवला तर मोडता कामा नये. मग तीन पाण्यांतून धुवा, चाखा: किंचित खारट लागला पाहिजे. चाळणीत निदान अर्धा तास निथळू द्या. माझी पहिली किमची इथेच फसली होती. दहा मिनिटांत उचलली आणि मसाला बरणीच्या तळाशी वाहून गेला.

निथळेपर्यंत पेज करा. एक मोठा चमचा तांदळाचं पीठ आणि एक लहान चमचा साखर पाऊण वाटी पाण्यात शिजवून गार करा. ही पेज मसाला पानांना धरून ठेवते आणि जिवाणूंना खाऊ पुरवते. लसणाच्या दहा पाकळ्या, इंचभर आलं, अर्धा कांदा वाटून पेजेत घाला. दोन मोठे चमचे फिश सॉस. शाकाहारी असाल तर तेवढाच सोया सॉस. मग ४० ग्रॅम कोरियन मिरचीची भरड, गोचुगारू. ती न मिळाल्यास ब्याडगी मिरचीच्या बिया काढून मिक्सरमध्ये रवाळ भरड करा. लवंगी किंवा संकेश्वरी नको, एवढ्या प्रमाणात ती तोंडात धरवणार नाही. किमचीला रंग आणि गोडसर तिखटपणा हवा असतो, आणि ब्याडगी तो देते. शेवटी काड्या केलेला १५० ग्रॅम मुळा आणि चार पातीचे कांदे.

हातमोजे घालून मसाला प्रत्येक पानाला लागेल असा चोळा. बरणीत दाबून भरा, हवेची पोकळी राहू देऊ नका, आणि वरचा चौथा भाग रिकामा सोडा. ही जागा सोडली नाही तर दुसऱ्या दिवशी ओट्यावर लाल पाणी असेल. बरणी ताटलीत ठेवा. उन्हाळ्यात बाहेर एक दिवस, थंडीत दोन. रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्या आणि चमच्याने दाबून भाजी पाण्याखाली घाला. आंबूस वास आणि बुडबुडे आले की फ्रीजमध्ये. पुढचे आठवडाभर ती हळूहळू मुरते.

दोन आठवड्यांत ती गरम भाताबरोबर नुसती खावी अशी असते. महिन्याने फार आंबट होते, तेव्हा कोरियन लोक तिचं जिगे म्हणजे रस्सा करतात किंवा भातात परततात. चमचाभर तेलात ती आंबट किमची पाच मिनिटं परता, शिळा भात मोकळा करून घाला, बरणीतलं दोन चमचे लाल पाणी शिंपडा, वर अर्धकच्चं अंडं. पाणी शेवटीच घालायचं, भात तव्यावर थोडा खरपूस झाल्यावर.